शहाण्णव टक्क्यांची मावशी

मावशी गेल्यावर कॉलेजच्या वार्षिक अंकात तिच्यावर चार ओळी छापून आल्या. ‘हजारो विद्यार्थ्यांना नोकरी मिळवून देणाऱ्या’ असं त्यात होतं. साफ खोटं. मावशीने आयुष्यात एकालाही नोकरी मिळवून दिली नाही. ते तिचं कामच नव्हतं. ती फक्त मोजायची. पास होऊन गेलेल्या मुलांना फोन करायचा, नोकरी लागली का विचारायचं आणि वहीत लिहायचं, याचा तिला पगार होता. त्या ओळी वाचून मला इतका राग आला की तो अंक मी घडी करून कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला. अजून तिथेच आहे. निदान कपाट तरी हलत नाही.

ती माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, ते तिने कधी ताकाला तूर लागू दिली नाही. एका एमबीए कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसात तिने सव्वीस वर्षं काढली. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक लोखंडी कपाट, आणि भिंतीत तिकिटाच्या खिडकीएवढी एक खिडकी, जिच्यातून मुलं वाकून बोलायची. डोक्यावर दिवसभर पावलं वाजत. टेबलाच्या पायाला दोऱ्याने एक खोडरबर बांधलेलं होतं, कारण जगात माणूस एक वेळ पाकीट परत करेल पण खोडरबर करणार नाही, असं तिचं ठाम मत होतं.

शिस्त म्हणाल तर घरातसुद्धा तीच. जेवायला ती तीन हाका मारायची. तिसऱ्या हाकेला आलं नाही तर ताट झाकून ठेवायची आणि स्वतः जेवायला बसायची. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो की दुसऱ्या हाकेलाच धावत सुटायचो. आई म्हणायची, “ताईची चौथी हाक अजून कुणी ऐकलेली नाही.”

तिचं काम समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून सांगते. बॅच बाहेर पडली की सहा महिन्यांनी मावशी यादी घेऊन बसायची. वहीत प्रत्येक मुलापुढे तीन रकाने: नोकरी आहे, नोकरी नाही, संपर्क झाला नाही. टक्के काढायचे ते फक्त ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांच्यातून. यात वरवर पाहता काही वावगं नव्हतं. जो बोललाच नाही त्याचं काय लिहिणार? सुरुवातीच्या वर्षांत हा आकडा सत्तर-एकाहत्तर यायचा. तोच माहितीपत्रकात छापला जायचा आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग तो डब्याचा प्रसंग झाला.

तेव्हा मोबाईल नव्हते, घरचे फोन होते. मावशीने एका मुलाच्या घरी फोन लावला. वडिलांनी उचलला. मावशी म्हणाली, कॉलेजमधून बोलतेय, चिरंजीवांना नोकरी लागली का एवढंच विचारायचं होतं. वडील हसले. म्हणाले, “म्हणजे काय, तीन महिने झाले. रोज साडेआठला डबा घेऊन जातो. आज सुट्टी घेतलीय, थांबा, त्यालाच देतो.” मुलगा फोनवर आला. मावशीने विचारलं. तो म्हणाला, “नाही, मॅडम. अजून नाही लागली.” वडील शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी तो डबा न घेता घरातून निघाला आणि परत आला नाही. आठवड्याने त्याचे वडील जिन्याखालच्या खिडकीशी आले. ते ओरडले असते तर मावशीला बरं वाटलं असतं. त्यांनी वाकून एवढंच विचारलं, “तुमच्याकडे त्याचा दुसरा कुठला नंबर आहे का हो?”

नव्हता. तरी मावशीने सबंध कपाट उपसलं.

त्या वर्षापासून मावशीने आपल्या मनाने एक पद्धत सुरू केली. कुणाला नोकरी नाही हे तिला फोन करायच्या आधीच माहीत असायचं, कारण तीच मुलं खिडकीशी येऊन विचारायची, “मॅडम, काही आलं का?” अशा मुलांना ती तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी साडेदहाला फोन लावायची. तीन रिंगा द्यायची आणि ठेवून द्यायची. तीन रिंगांत कोण पोचतं फोनपर्यंत? मग रकान्यात लिहायचं, संपर्क झाला नाही. ते खोटंही नव्हतं. पोराच्या तोंडून ‘नाही’ वदवून घ्यायचं नाही, एवढाच तिचा हेतू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता घोडं पेंड खातं ते इथे. नोकरी नसलेले गाळले, की उरतात ते नोकरीवाले. दोन वर्षांत एकाहत्तरचे नव्वद झाले. मावशीने हे पाहिलं का? पाहिलं. टक्के तीच काढायची. पण तिच्या मते तो निव्वळ योगायोगाने आलेला आकडा होता. तिला तो हवा होता असं नाही आणि नको होता असंही नाही.

डायरेक्टर सरांना मात्र तो हवा होता. त्यांनी एके दिवशी तिची वही मागवली, दोन तास चाळली आणि परत पाठवली. महिन्याभरात लेखी नियम आला: प्रत्येक माजी विद्यार्थ्यास तीन दिवशी तीन फोन करावेत, उत्तर न मिळाल्यास नोंद बंद करावी. मावशीची दया त्यांनी नियमात बसवली. तिला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून पितळी पत्र्याची पाटी मिळाली आणि गादीची खुर्ची मिळाली. पुढे मोबाईल आले तेव्हा मिस कॉल बघून मुलं उलट फोन करणार, असं कुणालाही वाटेल. करायचीही. पण तो नंबर उलट लावला की गेटवरच्या वॉचमनकडे वाजायचा आणि तो प्रत्येकाला सांगायचा, “इथून कुणी फोन केला नाही, ही गेटची खोली आहे.”

माझी पदवी झाली तेव्हा गेटवरच्या फ्लेक्सवर शहाण्णव टक्के होते. बाबांनी तीन कॉलेजांची माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली आणि एका मिनिटात दोन बाजूला सारली. “इथे आकडा ताई स्वतः मोजतात. घरचं माणूस मोजतंय म्हटल्यावर आणखी काय बघायचं?”

तरी मी विचारलं. मावशी आमच्याकडे आली होती, स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. मी म्हणाले, “मावशी, ते शहाण्णव टक्के खरं आहे का गं?”

तिने हातातलं ताट पुसून संपवलं. मग म्हणाली, “आकड्यात चूक नाही.”

मी ते होकार म्हणून ऐकलं. माणूस ऐकायचं तेच ऐकतो. मावशीचाही बिचारीचा नेम तिथेच चुकला होता. वीस वर्षं ती खिडकीत बसून, कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांची तोंडं बघून हळहळत होती. तोच आकडा बघून गेटमधून आत येणाऱ्यांकडे तिची पाठ होती. ती मुलं तिला कधी दिसलीच नाहीत, आणि त्या दिवशी तिची सख्खी भाची समोर उभी राहिली तरी दिसली नाही.

दोन वर्षं मी मावशीकडे राहून शिकले. पास झाले, बरे मार्क पडले. कॉलेजात सतरा कंपन्या आल्या. त्यातल्या तीन खऱ्या होत्या. बाकीच्यांनी आमच्याकडून फॉर्म भरून घेतले, चहा घेतला आणि गेल्या. महिना गेला, तीन गेले, सात गेले. बाबा दर रविवारी आईच्या फोनवरून बोलायचे आणि नोकरी सोडून सगळं विचारायचे. एका मुलाखतीत तर एका गृहस्थाने कॉलेजचं नाव वाचून विचारलं, “तुमच्याकडे शहाण्णव टक्के लागतात म्हणे. मग तुम्हीच कशा राहिलात?” मी घरी येऊन आंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडले. मला वाटलं, शंभरातल्या त्या चार नालायकांत मी आहे.

आणि मग एका सोमवारी, मावशी ऑफिसला गेलेली, मी घरात एकटी, सकाळी साडेदहाला माझा मोबाईल वाजला. कॉलेजचा नंबर. तीन रिंगा वाजल्या आणि बंद झाला. मंगळवारी पुन्हा साडेदहा, पुन्हा तीनच रिंगा. संध्याकाळी मी मावशीला विचारलं नाही आणि ती बोलली नाही. तिची ती पद्धत मला तेव्हा माहीत नव्हती, पण काहीतरी पाणी मुरतंय एवढं कळलं. बुधवारी मी सव्वादहापासून मोबाईल हातात धरून बसले आणि पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

पलीकडून जिन्यावरची पावलं तेवढी ऐकू येत होती.

“मावशी, विचार ना,” मी म्हणाले.

“मला वाटलं, तू मोबाईल लांब ठेवला असशील.”

“विचार.”

तिने घसा साफ केला. मग ऑफिसच्या आवाजात, मला आयुष्यात पहिल्यांदा ‘आपण’ म्हणत तिने विचारलं, “आपण सध्या नोकरी करत आहात का?”

“नाही.”

“नोकरीच्या शोधात आहात का?”

“सात महिने झाले.”

“बरं,” ती म्हणाली. “नोंद केली.”

संध्याकाळी ती आली, चपला काढल्या, आणि उभ्याउभ्याच तिने मला सगळं सांगितलं. तो डबा, ते वडील, तीन रिंगा, सगळं. वीस वर्षांत आईलाही सांगितलं नव्हतं. मला त्या मुलाचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. मावशीचंही वाटलं. पण राग गेला नाही, उलट वाढला.

“म्हणजे आमच्या बॅचमधल्या अशा किती जणांना वगळलंस?”

“साठ-एकसष्ट.”

“आणि बाबा म्हणाले, ताई मोजतात. मी तुला तोंडावर विचारलं होतं, मावशी.”

“मी खोटं बोलले नाही.”

“नाही बोललीस. खरं बोलली असतीस तर मी दुसरीकडे गेले असते.”

ती मटकन खुर्चीत बसली. एवढ्या वर्षांत तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी जेवायला तिने एकही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वही घरी घेऊन आली. आमची बॅच एकशे ऐंशीची. माझ्यासकट एकशे एकोणीस जणांशी बोलणं झालं होतं. एकसष्ट जणांपुढे ‘संपर्क झाला नाही’. मावशीने चष्मा पुसला, पहिला नंबर लावला आणि रिंग वाजू दिली. पुरी वाजू दिली. नऊ संध्याकाळी ती रोज सहा ते आठ घरच्या टेबलाशी बसून राहिली. कुणी उचललं नाही तर पुन्हा लावायची, पाच वेळा, सात वेळा. एक जण लोकांच्या घरी सामान पोचवत होता, गाडीवरूनच बोलला. एक मुलगी म्हणाली, लग्न ठरलंय, तीच नोकरी असं लिहा. एक मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, मागे तुमचे तीन दिवस मिस कॉल आले होते ना? मला वाटलं, मुलाखतीचा फोन आहे आणि माझ्याकडून सुटतोय. आठ दिवस मोबाईल उशाशी घेऊन झोपलो.”

मावशीने “सॉरी, बाळा” म्हटलं आणि फोन ठेवून हाताने डोळे झाकले. मी समोर होते. पाणी आणून दिलं.

सत्तावन्न जण सापडले. त्यातल्या तेरा जणांना नोकरी होती. सगळे मिळून शंभरात बहात्तर झाले. आधीच्यांतले एकवीस तर कॉलेजनेच तीन-तीन महिने सहायक म्हणून बसवून घेतले होते, बरोबर मोजणीच्या तोंडावर. ते काढले तर शंभरात साठ. मावशीने हे सगळं आखीव कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. तिच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. इस्त्रीची साडी नेसून ती डायरेक्टर सरांकडे गेली.

तिथे काय झालं ते तिने मला त्याच दिवशी अक्षरशः सांगितलं. सरांनी तिला बसवलं, कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “फार मेहनत घेतलीत. पण तीन फोन झाले की नोंद बंद होते. हे चौथे फोन आहेत.”

मावशी म्हणाली, “तो नियम बदलायला हवा, सर.”

“नियम तुमच्याच वहीतून आलाय, मॅडम.”

हात दगडाखाली होता आणि तो तिनेच ठेवला होता. सरांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मूळ वही ओढली. एकच ओळ अशी होती की जी त्यांना ड्रॉवरमध्ये टाकता येईना. माझी. मी तिसऱ्या फोनला, नियमात बसून, ‘नाही’ म्हणाले होते. आधी एकशे अठरांत एकशे तेरा होते, म्हणजे शहाण्णव. माझ्यामुळे ते एकशे एकोणिसात एकशे तेरा झाले, म्हणजे पंचाण्णव. आणि शहाण्णवचा फ्लेक्स छापायला गेला होता.

सरांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. मग विचारलं, “तुमची भाची ना ही? घरीच असते? तिला सोमवारी पाठवा. तुमची जागा रिकामी होतेच आहे. सध्या तीन महिन्यांसाठी.”

मावशी घरी आली तेव्हा मी दारातच उभी होते. ती म्हणाली, “तुला नोकरी लागली.” नोकरी लागल्याची बातमी अशा आवाजात सांगितलेली मी आजवर ऐकलेली नाही.

हिशेब मला लगेच कळला. एमबीए करून तेवढं तरी येतं. मी सोमवारी गेले, की माझी ओळ बदलणार आणि फ्लेक्स खरा होणार.

“नको जाऊस,” मावशी म्हणाली. “सव्वीस वर्षांत तेवढी एक ओळ धड लिहिलीय मी. तेवढी राहू दे.”

“आणि मी काय करू? बाबांना काय सांगू?”

“मी सांगते त्यांना. मी सगळं सांगते.”

“तू सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीस.”

हे मी बोलले. आज परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. पण सात महिने लोकांच्या तोंडाकडे बघत काढले की चांगुलपणा परवडत नाही. मी रविवारी बाबांना फोन केला आणि नोकरी लागली म्हणाले. “ताईंमुळे हो,” ते म्हणाले. “त्यांना फोन दे.” मावशीने फोन घेतला, त्यांचे आभार ऐकून घेतले आणि परत माझ्या हातात दिला.

सोमवारी मी जिन्याखालच्या खोलीत गादीच्या खुर्चीत बसले. शेजारी स्टूल घेऊन मावशी, मला काम समजावून द्यायला. पहिलं काम सरांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं. मी वही उघडली, माझी ओळ काढली आणि दोऱ्याला बांधलेलं ते खोडरबर ओढलं. मावशीने तोंड फिरवून कपाटाकडे पाहिलं. ‘नाही’वरची पेन्सिल पटकन पुसली गेली. मी शेजारच्या रकान्यात ‘आहे’ लिहिलं. एकशे एकोणिसात एकशे चौदा. शहाण्णव.

मावशीला निरोप देताना सरांनी भाषणात तिच्या अचूकपणाचं कौतुक केलं. तिने शाल घेतली, सही केली आणि घरी आली. पुढची चार वर्षं ती जगली. कॉलेजच्या रस्त्याने ती त्यानंतर कधी गेली नाही, बाजाराला लांबच्या वाटेने जायची. आम्ही एका घरात राहत होतो, बोलतही होतो, पण भाजीबद्दल आणि नळाच्या पाण्याबद्दल.

माझे तीन महिने संपत आले तेव्हा प्रवेश सुरू झाले. एके दुपारी खिडकीत एक मुलगी वाकली. मागे तिचे वडील, हातात आमचं माहितीपत्रक, गुंडाळी करून घट्ट धरलेलं. मुलगी चुणचुणीत होती. म्हणाली, “मॅडम, हा आकडा तुम्हीच काढता ना? मग खरं सांगा, खरा आहे का?”

मला सगळं सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण वडील वाकून माझ्याकडे बघत होते, आणि टेबलावर मुदतवाढीचा माझा अर्ज होता, त्यावर सरांची सही व्हायची होती.

मी म्हणाले, “आकड्यात चूक नाही.”

मुलगी वडिलांकडे वळून हसली. दोघं फी भरायच्या खिडकीकडे गेले.

संध्याकाळी घरी आल्याआल्या मी हे मावशीला सांगितलं. का सांगितलं, कळत नाही. तिला टोचावं म्हणून असेल, किंवा तिने मला दोन थोबाडीत द्याव्यात म्हणूनही असेल. ती गॅससमोर उभी होती, वळली नाही. मी आतल्या खोलीत जाऊन दिवा न लावता पलंगावर पडले.

आठ वाजता तिने जेवायला हाक मारली. थोड्या वेळाने दुसरी मारली. मग तिसरी. मी ताटावर झाकण पडल्याचा आवाज यायची वाट बघत राहिले, पण तो आला नाही. दाराशी पावलं आली, आणि मावशीने चौथी हाक मारली.

मी ती ऐकली, आणि ओ दिली नाही.